औंधचे अप्पासाहेब पंत आणि परराष्ट्रनीतीचे नेतृत्व

(शिक्षक, ग्रामपंचायत सदस्य व विस्तार अधिकारी यांच्या प्रशिक्षण वर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आपल्या वर्गाच्या वेळापत्रकात पाणीपुरवठा आहे, करवसुली आहे, शाळाखोल्यांची दुरुस्ती आहे. त्यांच्या रांगेत परराष्ट्र धोरण कोठून आले, असा प्रश्न काहींच्या मनात आला असेल. तो रास्त आहे. परंतु ज्या गृहस्थांविषयी मी आज बोलणार आहे, त्यांनी नैरोबी, गंगटोक, जकार्ता, कैरो, लंडन आणि रोम येथे भारताचे प्रतिनिधित्व केले, आणि त्यांच्या सार्वजनिक जीवनाचा श्रीगणेशा मात्र ग्रामपंचायतीपासून झाला. तेव्हा ते आपल्यापैकीच आहेत असे मानून मला थोडा वेळ द्यावा, ही विनंती.

अप्पासाहेब पंत यांचा जन्म १९१२ सालचा. औंध संस्थानचे अधिपती भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांचे ते चिरंजीव. सुमारे ५०० चौरस मैलांचे, ७२ गावांचे आणि पाऊणएक लाख वस्तीचे हे संस्थान सलग नव्हते. औंध एकीकडे, आटपाडी दुसरीकडे, कुंडल तिसरीकडे आणि गुणदाळ तर पार विजापूरच्या बाजूस, असा त्याचा विखुरलेला मुलूख. बाळासाहेब स्वतः चित्रकार, कीर्तनकार आणि सूर्यनमस्काराचे कट्टर पुरस्कर्ते. अशा घरातून मुलगा ऑक्सफर्डला गेला, बॅरिस्टर झाला आणि १९३७ मध्ये परत आला. संस्थानिकांची मुले विलायतेहून मोटारी आणि शिकारीचा नाद घेऊन येत, असा त्या काळाचा अनुभव. औंधला निराळे घडले.

मॉरिस फ्रीडमन नावाचे एक पोलिश अभियंते म्हैसूर संस्थानातील विजेच्या सामानाच्या कारखान्यात कामाला होते. वृत्तीने ते संन्यासी होते. त्यांची आणि अप्पासाहेबांची गाठ पडली, आणि राजाने आपली सत्ता प्रजेच्या स्वाधीन करावी, ही कल्पना पुढे आली. सत्तरीच्या बाळासाहेबांनी नोव्हेंबर १९३८ मध्ये तशी घोषणा केली. मसुद्याकरिता सेवाग्रामला गांधीजींचा सल्ला घेण्यात आला आणि २१ जानेवारी १९३९ रोजी औंधची राज्यघटना अमलात आली. गावाने पंचायत निवडावयाची, पंचायतींतून तालुक्याचे मंडळ व्हावयाचे आणि त्यातून संस्थानच्या विधिमंडळाचे सभासद जावयाचे, अशी तिची खालून वर जाणारी रचना होती. आपण आज ज्या खुर्चीवर बसता, तिचे एक पूर्वरूप त्यात आहे. आटपाडीजवळ स्वतंत्रपूर येथे कैद्यांची खुली वसाहत झाली तीही याच काळात. ‘दो आँखे बारह हाथ’ हा १९५७ चा चित्रपट आपल्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. त्याची कथा लिहिणारे ग. दि. माडगूळकर याच मुलखातले, आणि त्या कथेचे मूळ याच वसाहतीत होते.

हे सारे सांगण्याचे कारण आहे. सत्ता हातात असताना ती सोडून देण्याचा प्रसंग अप्पासाहेबांनी विशी-पंचविशीत, स्वतःच्या घरात पाहिला. तो नुसता देखावा नव्हता, कारण पुढे तो निस्तरावाही लागला. १९४२ नंतर साताऱ्याच्या प्रतिसरकारातील भूमिगतांना औंधच्या हद्दीत आसरा मिळे. कुंडल तर चळवळीचे केंद्रच होते. एकीकडे ब्रिटिश रेसिडेंटाची नजर आणि दुसरीकडे आपलीच माणसे. १९४४ पासून संस्थानचे पंतप्रधान म्हणून अप्पासाहेबांना या दोहोंच्या मधून वाट काढावी लागली. मुत्सद्देगिरीचे त्यांचे पहिले शिक्षण दिल्लीच्या कोणत्या कचेरीत न होता येथे झाले, असे माझे मत आहे. ८ मार्च १९४८ रोजी दक्षिणेतील इतर संस्थानांबरोबर औंध मुंबई प्रांतात विलीन झाले. त्याच वर्षी पंडित नेहरूंनी त्यांना पूर्व आफ्रिकेत भारताचे आयुक्त म्हणून नैरोबीस पाठविले. परीक्षेच्या मार्गाने ते परराष्ट्र सेवेत आले नव्हते. पंतप्रधानांनी निवडलेला माणूस, हीच त्यांची पात्रता आणि हीच त्यांची अडचण.

नैरोबीचे चित्र डोळ्यांपुढे आणा. वर गोरे वसाहतवाले. उंचावरची सुपीक जमीन त्यांच्यासाठी राखीव. मध्ये हिंदी लोक. १८९६ ते १९०१ या काळात युगांडा रेल्वे बांधण्यासाठी सुमारे ३२ हजार मजूर हिंदुस्थानातून नेले होते. त्यांच्यातले जे राहिले ते आणि त्यांच्यामागून आलेले व्यापारी व कारकून, असा हा समाज. आणि सर्वांत खाली आफ्रिकन, म्हणजे ज्यांचा देश तेच. नव्या भारताचा आयुक्त येणार म्हणजे तो आपल्या दुकानांचे, परवान्यांचे आणि हक्कांचे रक्षण करील, अशी तेथील हिंदी लोकांची अपेक्षा असणे स्वाभाविक होते.

नेहरूंची भूमिका वेगळी होती. हिंदी लोकांनी आफ्रिकनांच्या वर कोणताही विशेष हक्क मागू नये, त्यांच्या आकांक्षांशी एकरूप व्हावे आणि ते जमत नसेल तर तेथे राहण्याचा आग्रह धरू नये, असे ते उघडपणे सांगत. औंधच्या या राजपुत्राला ही भाषा परकी नव्हती. ते जोमो केन्याटा आणि त्यांच्या सहकाऱ्यांमध्ये मिसळले. आफ्रिकन विद्यार्थ्यांना भारतीय विद्यापीठांत शिष्यवृत्त्या मिळू लागल्या. गांधीजींच्या स्मारकासाठी हिंदी समाजाने नैरोबीत निधी उभारला, तो एका जातीच्या शाळेसाठी न वापरता सर्व वर्णांच्या उच्च शिक्षणासाठी देण्यात आला, आणि ज्या संस्थेत तो गेला तिचेच पुढे नैरोबी विद्यापीठ झाले.

मग २० ऑक्टोबर १९५२ रोजी केनियात आणीबाणी जाहीर झाली. माऊमाऊ उठावाचे सूत्रधार म्हणून केन्याटांना अटक झाली आणि कापेंगुरियाच्या दूरच्या गावी त्यांच्यावर खटला चालला. बचावासाठी डी. एन. प्रिट यांच्याबरोबर भारतातून दिवाण चमनलाल गेले, आणि स्थानिक हिंदी वकील उभे राहिले. एप्रिल १९५३ मध्ये केन्याटांना सात वर्षांच्या सक्तमजुरीची शिक्षा झाली. ब्रिटिश अधिकाऱ्यांना भारताच्या आयुक्ताची ही सलगी आधीपासूनच खुपत होती. दिल्लीकडे तक्रारी गेल्या आणि १९५४ मध्ये पंतांना नैरोबी सोडावे लागले.

येथे थोडे थांबू या. परराष्ट्रनीतीच्या नेतृत्वाचा खरा प्रश्न मला येथे दिसतो. धोरण पंतप्रधानांचे. आयुक्ताने ते अक्षरशः पाळले. ज्यांच्या राज्यात तो राहत होता त्यांनी हरकत घेताच त्याला हलविण्यात आले. याला पाठिंबा म्हणावयाचे की माघार? नेहरूंच्या बाजूने सांगण्यासारखे पुष्कळ आहे. ब्रिटनशी राष्ट्रकुलाचे संबंध टिकवावयाचे होते, आणि यजमान सरकारला नकोसा झालेला प्रतिनिधी काहीच करू शकत नाही. शिवाय ही बदली शिक्षा नव्हती. त्याच १९५४ साली, पद्म पुरस्कारांच्या पहिल्याच वर्षी, पंतांना पद्मश्री मिळाली, आणि पुढील वर्षी त्यांना अधिक नाजूक जागी नेमण्यात आले. तरीही मला वाटते, की नेत्याने आपल्या माणसाला किती पुढे जाऊ द्यावयाचे हे आधी ठरविले पाहिजे. वादळ आल्यावर ठरविले तर त्याचे मोल माणसाला द्यावे लागते. ग्रामपंचायतीच्या ठरावाप्रमाणे अतिक्रमण हटविणाऱ्या ग्रामसेवकाची पुढे काय गत होते, हे आपण जाणताच.

ती नाजूक जागा म्हणजे गंगटोक. १९५५ ते १९६१ या काळात पंत तेथे राजकीय अधिकारी होते. सिक्कीम तेव्हा भारताचे संरक्षित राज्य होते, भूतानशी १९४९ चा करार होता, आणि तिबेटातील ल्हासा, ग्यांत्से, यातुंग येथील भारतीय कचेऱ्यांचा संबंध गंगटोकशी येई. पंत येण्यापूर्वी एक वर्ष, २९ एप्रिल १९५४ रोजी, भारताने चीनशी तिबेटविषयक करार केला होता. ब्रिटिश काळापासून तिबेटात असलेली भारतीय लष्करी तुकडी आणि टपाल-तार व्यवस्था आपण सोडून दिली, आणि पंचशीलाची तत्त्वे जगापुढे आली. दिल्लीतून पाहता हा शांततेचा मार्ग होता. गंगटोकहून पाहता नथुलाच्या खिंडीपलीकडे रस्ते होत होते, फौजा येत होत्या आणि तिबेटी माणूस अस्वस्थ होता.

१९५६ च्या अखेरीस बुद्धजयंतीच्या अडीच हजाराव्या वर्षानिमित्त दलाई लामा भारतात आले, ते गंगटोकच्या वाटेने. त्यांनी परत जावे की येथेच राहावे, याविषयी त्यांच्या मंडळींत मोठी चर्चा झाली. चीनचे पंतप्रधान चौ एन लाय यांनी दिल्लीत येऊन आश्वासने दिली. नेहरूंनी परत जाण्याचा सल्ला दिला. फेब्रुवारी १९५७ मध्ये परतीच्या वाटेवर खिंडीत बर्फ असल्याने दलाई लामांना गंगटोकला थांबावे लागले, तेव्हा तेथील तिबेटविद्या संस्थेची कोनशिला त्यांच्या हस्ते बसविण्यात आली. पुढील वर्षी १ ऑक्टोबर रोजी तिचे उद्घाटन नेहरूंनी केले. तिबेटी धर्म आणि संस्कृती यांविषयी पंतांना मनापासून ओढ होती. ती त्यांच्या पुस्तकांत पानोपानी दिसते. ३१ मार्च १९५९ रोजी दलाई लामा पुन्हा भारतात आले ते निर्वासित म्हणून, आणि आश्वासनांचे काय झाले हे जगाला कळले.

सीमेवरचा अधिकारी जे पाहतो ते आणि राजधानी जे ऐकू इच्छिते ते यांत अंतर पडते. हे मी कोणावर टीका म्हणून सांगत नाही. मी स्वतः माहिती अधिकारी आहे. एका टंचाईच्या वर्षी तालुक्यातील विहिरी आटल्याची नोंद माझ्यापुढे आली होती. माझ्या टिपणीत तिचे ‘परिस्थितीवर लक्ष ठेवण्यात येत आहे’ असे रूपांतर झाले. लेखणी माझीच होती. कोणी तसा आदेशही दिला नव्हता. वरिष्ठांना काय रुचेल याचा अंदाज बांधण्याची आम्हाला सवय लागते. नेहरू १९४७ पासून १९६४ पर्यंत पंतप्रधान होते आणि परराष्ट्र खातेही त्यांच्याकडेच होते. एवढ्या मोठ्या माणसाच्या हाताखाली त्याच्याशी असहमत होणे किती जड गेले असेल, याची कल्पना आपण करू शकतो. नेतृत्व जितके तेजस्वी, तितकी विरोधी अहवालासाठी वाट अधिक रुंद ठेवावी लागते, हे चीनच्या प्रकरणाने दाखविले.

याच नेहरूंचे दुसरे चित्रही गंगटोकच्या काळातलेच आहे. सप्टेंबर १९५८ मध्ये, वयाच्या ६८ व्या वर्षी, ते भूतानला गेले. मोटारीचा रस्ता नव्हता. गंगटोकहून नथुला ओलांडून चुंबी खोऱ्यातून घोड्यावर आणि याकवर बसून ते पारो येथे पोचले. बरोबर इंदिराजी होत्या आणि राजकीय अधिकारी पंत होते. भूतानने स्वतंत्र राहावे आणि आपल्या प्रगतीचा मार्ग आपण निवडावा एवढीच भारताची इच्छा आहे, असे नेहरूंनी तेथे जाहीरपणे सांगितले. मोठ्या देशाने लहान देशाकडे खालच्या मानेने, पायवाटेने जावे, यात नेतृत्वाची एक रीत आहे. १९६१ मध्ये भूतानची पहिली पंचवार्षिक योजना भारताच्या साहाय्याने सुरू झाली, रस्ते झाले, आणि १९७१ मध्ये भूतान संयुक्त राष्ट्रसंघाचा सभासद झाला. आपल्या शेजाऱ्यांपैकी ज्याच्याशी सर्वांत कमी कटुता आली तो हा देश. पंतांच्या साऱ्या कारकिर्दीत मला हा भाग सर्वांत समाधानाचा वाटतो.

ऑक्टोबर १९६१ मध्ये पंत इंडोनेशियाला राजदूत म्हणून गेले. मैत्रीची पूर्वपुण्याई मोठी होती. १९४७ मध्ये बिजू पटनाईकांनी स्वतः विमान चालवून इंडोनेशियाच्या नेत्यांना बाहेर काढले होते. १९४९ मध्ये नेहरूंनी त्या देशासाठी दिल्लीत परिषद बोलाविली होती. आपल्या १९५० च्या पहिल्या प्रजासत्ताक दिनाचे पाहुणे अध्यक्ष सुकार्नो होते. आणि १९६२ मध्ये काय झाले? जकार्ता येथील चौथ्या आशियाई क्रीडास्पर्धांत इस्रायल आणि तैवान यांच्या खेळाडूंना प्रवेश नाकारण्यात आला. भारताचे क्रीडा-प्रशासक गुरुदत्त सोंधी यांनी याला नियमाच्या आधारे हरकत घेतली. ३ सप्टेंबरला जमाव भारतीय वकिलातीवर चालून गेला आणि नासधूस झाली. दुसऱ्याच दिवशी फुटबॉलचा अंतिम सामना होता. सारे क्रीडांगण भारताविरुद्ध ओरडत असताना आपल्या संघाने दक्षिण कोरियाचा २–१ असा पराभव करून सुवर्णपदक मिळविले. आपल्या शाळांतील क्रीडाशिक्षकांनी ही हकीकत मुलांना अवश्य सांगावी.

पंत मात्र त्या क्रीडांगणाबाहेरचा सामना खेळत होते. महिना-दीड महिन्यात चीनचे आक्रमण झाले, आणि ज्या आशियाई बंधुभावाच्या आधारावर आपण उभे होतो त्यातून अपेक्षित शब्द आला नाही. डिसेंबर १९६२ मध्ये कोलंबो येथे सहा अलिप्त राष्ट्रांची परिषद भरली. त्यांत इंडोनेशियाही होता. त्या राष्ट्रांनी मध्यस्थी केली; आक्रमकाचे नाव घेऊन निषेध केला नाही. दोन नेत्यांची गळाभेट ही दोन समाजांची मैत्री नव्हे. पंतांची सर्व धडपड, आफ्रिकेतील शिष्यवृत्त्यांपासून गंगटोकच्या संस्थेपर्यंत, नेत्यांच्या खालच्या थरावर संबंध रुजविण्याची होती, आणि जकार्ताने तिची गरज कडवटपणे सिद्ध केली.

नंतर नॉर्वे आणि मग १९६६ पासून कैरो. जून १९६७ च्या अरब-इस्रायल युद्धाच्या वेळी ते तेथेच होते. गाझा पट्टीत संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेत असलेले आपले काही जवान त्यात मृत्युमुखी पडले, ही गोष्ट आपल्याकडे फारशी आठवली जात नाही.

१९६९ मध्ये पंत लंडनला उच्चायुक्त झाले. बांगलादेशाचा प्रश्न १९७१ मध्ये पेटला तेव्हा ब्रिटनचे लोकमत हे भारताच्या दृष्टीने फार मोलाचे होते. एक कोटीच्या घरात निर्वासित आपल्याकडे येत होते. परंतु हा भारताचा कांगावा नसून सत्य आहे, हे लंडनमध्ये कोणी सांगावयाचे? भारताच्या उच्चायुक्ताने सांगितले तर तो पक्षकार ठरतो. १३ जून १९७१ रोजी ‘संडे टाइम्स’मध्ये अँथनी मस्करेन्हस यांचा वृत्तांत आला आणि चित्र पालटले. हे वार्ताहर कराचीत वाढलेले, गोमंतकीय घराण्यातले आणि जन्माने बेळगावचे. सरकारी प्रसिद्धीपत्रकांवर माझा चरितार्थ चालतो, तरीही कबूल करतो, की प्रत्यक्ष पाहून आलेल्या एका माणसाचा शब्द आमच्या शंभर पत्रकांहून वजनदार असतो. ऑक्टोबरच्या अखेरीस इंदिरा गांधी युरोप-अमेरिकेच्या दौऱ्यावर निघाल्या आणि लंडनलाही आल्या. येथे नेतृत्वाची तिसरी रीत दिसते: आधी सर्व दारे ठोठवावयाची, आपली बाजू ऐकवावयाची आणि नंतर निर्णय घ्यावयाचा. ८ जानेवारी १९७२ रोजी सुटका झालेले शेख मुजीबुर रहमान प्रथम उतरले ते लंडनलाच.

त्याच वर्षी ४ ऑगस्टला युगांडाच्या इदी अमीनने आशियाई लोकांना ९० दिवसांत देश सोडण्यास फर्माविले. २७ हजारांहून अधिक माणसे ब्रिटनमध्ये आली. वीस वर्षांपूर्वी नैरोबीत ज्या समाजाला पंत ‘आफ्रिकनांशी एकरूप व्हा’ असे सांगत होते, त्याच समाजाची माणसे आता एकेक पेटी घेऊन, ते जेथे उच्चायुक्त होते त्या शहरात उतरणार होती. मग पंत बरोबर होते की चूक? कोणी म्हणेल, त्यांचे ऐकले असते तर ही वेळ आली नसती. मला इतके सोपे उत्तर देता येत नाही. युगांडाचे नागरिकत्व घेतलेले, तेथे मनाने रुजलेले लोकही अमीनच्या तडाख्यातून सुटले नाहीत. परंतु केनियात, जेथे हिंदी वकील केन्याटांच्या बाजूने उभे राहिले होते, तेथे अनेक अडचणी सोसूनही हा समाज टिकला. याचे श्रेय एकट्या पंतांना देणे अतिशयोक्ती होईल. भारताने त्या काळी दुकानांची बाजू घेतली असती, तर स्वतंत्र आफ्रिकेत आपल्याला कोणत्या तोंडाने जाता आले असते, एवढेच मी विचारीन.

रोमला राजदूत असतानाच १९७४ मध्ये त्यांचे ‘अ मोमेंट इन टाइम’ हे आत्मकथन प्रसिद्ध झाले आणि १९७५ मध्ये ते निवृत्त झाले. निवृत्तीनंतर राजदूत बहुधा मोठमोठ्या वाटाघाटींच्या आठवणी लिहितात. पंतांनीही काही लिहिल्या. परंतु वयाच्या ७७ व्या वर्षी, १९८९ मध्ये, त्यांनी जे पुस्तक काढले ते वडिलांविषयी, गांधीजींविषयी आणि औंधच्या प्रयोगाविषयी होते. ७२ गावांच्या त्या कारभाराकडे जग पाहून आल्यावर ते पुन्हा वळले. १९९२ मध्ये त्यांचे निधन झाले.

साताऱ्याकडे गेलात तर औंधला अवश्य जा. मूळपीठाच्या डोंगरावर यमाईचे देऊळ आहे आणि बाळासाहेबांनी उभारलेले भवानी वस्तुसंग्रहालय आहे. चित्रे पाहावयास दोन तास कमीच पडतील. माझी वेळ संपली आहे. आटपाडीहून आलेल्या सदस्यांना स्वतंत्रपूरविषयी त्यांच्या वडिलधाऱ्यांकडून ऐकलेले काही सांगावयाचे आहे, असे अध्यक्षांनी मघाशी मला सांगितले. त्यांनी पुढे यावे. मी ऐकावयास बसतो.